‘फेअर प्ले’ला मराठीत काय म्हणावं? खिलाडूवृत्ती, शिस्त, रडी, कांगावा

क्रीडाशिक्षिका, मोहननगर, नागपूर

आमच्या भागातल्या चौदा वर्षांखालच्या मुलांच्या फुटबॉल स्पर्धेचं पत्रक आणि प्रमाणपत्रं मराठीत करतेय. ‘फेअर प्ले ट्रॉफी’ला ‘खिलाडूवृत्ती चषक’ लिहून टाकलं. पण हा चषक आम्ही देतो सर्वांत कमी कार्डं मिळालेल्या संघाला. कमी कार्डं म्हणजे खिलाडूवृत्ती, असं म्हणता येईल का? शिवाय ‘डायव्हिंग’ (धक्का न लागताच पडणं), ‘टाइम वेस्टिंग’, ‘डिसेंट’ यांनाही मुलांना चटकन कळतील असे शब्द हवे आहेत. मैदानावर तर कुणी पडून राहिला की दुसरा ओरडतो, “ऊठ बे, नाटक नको करू!” आणि तेवढ्यावर सगळ्यांना सगळं कळतं.

भाषांतरकार, धरमपेठ

ताई, शंका रास्त आहे. ‘फेअर प्ले’ या एकाच नावाखाली दोन निराळ्या गोष्टी आल्या आहेत आणि मराठीत त्या वेगळ्या ठेवायला हव्यात.

2018च्या विश्वचषकातला एच गट आठवा. जपान आणि सेनेगल यांचे गुण सारखे, गोलफरक सारखा, केलेले गोल सारखे, आपसातला सामनाही 2-2 बरोबरीत. मग कार्डं मोजली. जपानची पिवळी कार्डं 4, सेनेगलची 6. जपान पुढे गेला, सेनेगल घरी. या निकषाचं अधिकृत नाव फेअर प्ले. पण त्याच जपानने पोलंडविरुद्ध 0-1 असे मागे असताना शेवटची दहा-एक मिनिटं चेंडू आपल्याच अर्ध्या मैदानात इकडून तिकडे फिरवत काढली. तिकडे सेनेगल कोलंबियाकडून हरतोय, आपल्याला कार्ड मिळालं नाही म्हणजे झालं, एवढाच हिशोब. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. यात एकही नियम मोडला नाही, पण याला खिलाडूवृत्ती म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तो वेळकाढूपणा होता. जपान पुढे गेला तो शिस्तीच्या गुणांवर.

खिलाडूवृत्ती बघायची तर पाओलो दि कानिओ. हे क्लब फुटबॉलमधलं उदाहरण आहे, तरी चालेल. डिसेंबर 2000, एव्हर्टनचा गोलरक्षक दुखापतीने जमिनीवर पडलेला, चेंडू हवेतून वेस्ट हॅमच्या दि कानिओकडे आलेला. गोल करायची संधी सोडून त्याने चेंडू सरळ हातात धरला आणि खेळ थांबवला. पुढे फिफाने त्याचा फेअर प्ले पुरस्काराने गौरव केला. तसं करायला कुठलाच नियम त्याला भाग पाडत नव्हता. खिलाडूवृत्ती सुरू होते ती इथून.

म्हणून तुमच्या चषकाला ‘शिस्तबद्ध संघ’ म्हणा. ‘खिलाडूवृत्ती’ हा शब्द राखून ठेवा.

बाकीचे शब्द आपल्या बोलण्यात आयते आहेत. टाइम वेस्टिंगला वेळकाढूपणा, डिसेंटला पंचांशी हुज्जत, आडदांड खेळाला धसमुसळा खेळ (वर्तमानपत्रं हे तिन्ही रोज वापरतात), अनस्पोर्टिंग बिहेवियरला अखिलाडू वर्तन. आणि डायव्हिंगला कांगावा.

निवृत्त पंच, कामठी

शिस्त आणि खिलाडूवृत्ती वेगळी केली हे फार चांगलं झालं. ‘कांगावा’बद्दल मात्र थोडं बोलायचंय.

बचावपटूचा पाय लागायच्या आधीच गुडघे दुमडून पेनल्टी बॉक्समध्ये कोसळणं हे सोंग. कोसळल्यावर पंचाकडे हात पसरून समोरच्याच्या नावाने बोंब मारणं, त्याला कार्ड मागणं, हा कांगावा. कांगाव्यात दुसऱ्यावर आळ घेणं असतंच. 2002च्या विश्वचषकात तुर्कस्तानच्या खेळाडूने कॉर्नरजवळ उभ्या ब्राझीलच्या रिव्हाल्डोकडे चेंडू जोरात मारला. चेंडू लागला पायाला, रिव्हाल्डो चेहरा धरून लोळला. तुर्की खेळाडूला दुसरं पिवळं कार्ड मिळून तो बाहेर गेला. नंतर रिव्हाल्डोला दंड झाला, पण सामना तर होऊन गेला होता. तो पुरता कांगावा. पत्रकात ‘सोंग आणि कांगावा’ असे दोन्ही शब्द लिहा. मुलांसाठी ‘नाटक’ही चालेल, पण त्यातून आळ घेण्याचा भाग सुटतो आणि मला तोच जास्त वाईट वाटतो.

आणखी एक. फाउल आणि गैरवर्तन एक समजू नका. दोन्ही फुटबॉलच्या नियम 12मध्येच आहेत, पण फाउल होतो तो चेंडू खेळात असताना. गैरवर्तन खेळ थांबलेला असतानाही होतं. गोल केल्यावर जर्सी काढली तर पिवळं कार्ड मिळतं, त्यात फाउल कुठेच नसतो.

क्रीडाशिक्षिका, मोहननगर

काका, मग ‘रडीचा डाव’ कुठे बसवायचा? मॅराडोनाचा 1986चा हाताने केलेला गोल, तो रडीचा डाव का?

भाषांतरकार, धरमपेठ

माझ्या मते नाही. रडी खाणारा बाद झाल्याचं किंवा हरल्याचं कबूल करत नाही, डाव मोडतो. मॅराडोनाने पंचाची नजर चुकवून हात लावला आणि गोल पदरात पाडून घेतला. त्याला ‘अंचई’ हा जुना शब्द नेमका आहे.

खरी अडचण उरुग्वेच्या लुईस सुआरेझची. 2010च्या विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी, जादा वेळेचा शेवटचा क्षण, घानाचा गोलमध्ये जाणारा चेंडू त्याने सगळ्यांदेखत हाताने अडवला. लाल कार्ड मिळालं, पेनल्टीही दिली गेली. असामोआ ग्यानचा फटका आडव्या खांबाला लागला आणि पुढे उरुग्वे शूटआउटमध्ये जिंकला. ही अंचई नाही, काही लपवलं नव्हतं. रडी नाही, सोंग नाही, कांगावाही नाही. शिक्षा ठाऊक असून केलेला उघड नियमभंग आहे. मी त्याला अखिलाडू म्हणेन, कारण घानाचा हक्काचा गोल गेला.

निवृत्त पंच, कामठी

मी नाही म्हणणार. नियमात जी शिक्षा होती ती त्याला पूर्ण मिळाली. नियम अपुरा वाटत असेल तर नियम बदला, शब्द वाढवू नका.

क्रीडाशिक्षिका, मोहननगर

यावर तुम्हा दोघांचं एकमत होणार नाही असं दिसतंय, पण माझं काम झालं. चषक ‘शिस्तबद्ध संघ’ या नावाने, कार्डांच्या हिशोबावर. आणि ‘खिलाडूवृत्ती’चं वेगळं प्रमाणपत्र एकाच मुलाला किंवा मुलीला. काका, ते नाव कोण ठरवणार?

निवृत्त पंच, कामठी

प्रत्येक सामन्यानंतर दोन्ही कर्णधारांकडून समोरच्या संघातल्या एकेकाचं नाव लिहून घ्या. स्वतःच्या संघातलं नाव चालणार नाही, हे पत्रकातच छापा.