बालवर्गाच्या पालकांना भरलेली वही हवी आहे. काय करू?

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

मिरजेत राहत्या घराच्या पुढच्या खोलीत गेल्या जूनपासून बालवर्ग घेते. साडेतीन ते पाच वर्षांची अकरा मुलं, सकाळी नऊ ते साडेअकरा. गाणी, गोष्टी, माती, पाणी, मणी ओवणं, मेथी निवडणं (हो, माझ्याच घरची, तेवढीच मदत). पेन्सिल काढली ती दिवाळीनंतर, तीही जाड, आणि कोऱ्या कागदावर काय हवं ते काढा म्हणून. पोरं उड्या मारत येतात. त्यांचा प्रश्न नाहीच.

प्रश्न साडेअकराला दारात उभा असतो. "टीचर, आज काय लिहून घेतलं?" पलीकडच्या गल्लीतल्या नर्सरीत कर्सिव्ह सुरू झालंय, पन्नासपर्यंत आकडे लिहून झालेत. गेल्या महिन्यात माझ्या वर्गातली दोन मुलं तिकडे गेली.

एक उदाहरण देते. सव्वाचार वर्षांचा मुलगा. आई म्हणाली, शंभरपर्यंत पाठ आहे. खरंच पाठ आहे, एकोणसत्तरलासुद्धा अडखळत नाही. मी त्याच्यासमोर चिंचोक्यांच्या दोन ओळी मांडल्या, सहा-सहाच्या. सारखे आहेत? हो. मग त्याच्या डोळ्यांदेखत एक ओळ जरा पसरली. "आता हे जास्त." मोजायला लावले. दोन्हीकडे सहा. मग जास्त कुठे? "इथे," पसरलेल्या ओळीवर अख्खा पंजा ठेवून. पियाजे या बालमानसशास्त्रज्ञाचं हे डी.एड.ला परीक्षेपुरतं वाचलं होतं, समोर घडताना बघून मीच चाट पडले.

त्याच मुलाला आई घरी 'ब' गिरवायला बसवते. परवा वही आणून दाखवली. पेन्सिल मुठीत धरून इतकी दाबलेली की 'ब' मागच्या तीन पानांवर उमटलेत, एका ठिकाणी कागद फाटलाय. आईच्या मते वही छान भरली आहे.

तर, लिहायला नक्की कधी बसवायचं, आणि तोवर या पालकांच्या हातात काय ठेवायचं? चिंचोक्यांचा प्रयोग पालकसभेत सगळ्यांसमोर करून दाखवू का?

हिशेबी_बाबा:
पालकांची बाजू मांडतो, राग मानू नका. आम्हाला हौस नाही. मोठ्या शाळेत पहिलीच्या प्रवेशाला मुलाला समोर बसवून नाव लिही, वाक्य वाच असं करतात. तिथे मेथी निवडता येते म्हणून कोणी घेत नाही. तुमचं बरोबर असेलही, पण किंमत माझ्या पोराने मोजायची?

रानजाई:
बाबा, शिक्षणहक्क कायदा २००९, कलम १३. प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाचणी-मुलाखत घेता येत नाही, दंडाची तरतूद आहे. 'गप्पा मारायला बोलावलंय' म्हणून घेतात ते मलाही माहीत आहे, पण निदान आपण तरी तो नियम असल्यासारखं वागू नये.

मनगटवाली:
मी लहान मुलांची ऑक्युपेशनल थेरपिस्ट, रोज अशीच 'लिहीत नाही' म्हणून आणलेली मुलं बघते.

मनगटात आठ हाडं असतात. जन्मतः ती सगळी कूर्चेची, म्हणजे मऊ, अजून हाड न झालेली. चार वर्षांच्या मुलाचा एक्स-रे काढला तर त्यातली तीन-चारच दिसतात, शेवटचं वाटाण्याएवढं हाड आठ वर्षांनंतर कधीतरी उगवतं. म्हणजे हाड नाही म्हणून लिहू नये असं सरळ गणित नाही, पण तो हात अजून घडतोय एवढं पालकांना पटतं.

मी मात्र बघते ते वेगळंच. मूल बघून बघून काय काढू शकतं? गोल साधारण तिसऱ्या वर्षी जमतो, चौकोन साडेचारच्या आसपास, त्रिकोण पाचच्या पुढेमागे, कारण तिरकी रेघ सगळ्यात उशिरा येते. आता 'ब' बघा. उभी रेघ, तिला चिकटलेलं पोट आणि त्या पोटात तिरकी रेघ! चौकोन नीट न येणाऱ्या हाताला तुम्ही हे तिन्ही एकदम मागताय. सुरुवात 'ग', 'म', 'भ', 'न'पासून करायची आपली जुनी रीत निदान हाताचा विचार करून आली होती, वळण सारखं ते अक्षर शेजारी.

मुठीत पेन्सिल म्हणजे खांदा आणि बोटं दोन्ही कच्ची. भिंतीवर उभा फळा लावा आणि खडूचे तुकडे द्या, मुद्दाम इतके छोटे की मुठीत धरताच येऊ नयेत, चिमटीतच धरावे लागतील. लसूण सोलणं, रुमाल पिळणं, कपड्यांचे चिमटे लावणं, चिमटीने रांगोळी सोडणं. तुमची मेथी तर उत्तमच.

उलटी अक्षरं दिसली तर सहा-सात वर्षांपर्यंत घाबरू नका.

ओसरी:
एकतीस वर्षं बालवाडी चालवून निवृत्त झाले. चिंचोक्यांचा प्रयोग सभेत करू नका. आपलं मूल चुकताना चार लोकांत बघितलं की आई घरी जाऊन त्यालाच धारेवर धरेल. एकेका पालकाला बोलावून दाखवा, तेही 'बघा, या वयात असंच दिसतं' असं आधी सांगून.

बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांबरोबर १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला, १९४५ला त्या डहाणूजवळ बोर्डीला गेल्या, पुढे १९५७ला कोसबाडला. माँटेसरीची महागडी साधनं खेड्यात परवडणार नव्हती, तर शंख-शिंपले, बिया, पानं घेतली. पोरं शाळेत येईनात तर त्यांच्या सहकारी अनुताई वाघ आणि त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली, अंगणवाडी हा शब्द तिथला. तेव्हाही 'नुसतं खेळवता' हे ऐकावं लागायचंच, आम्हीही ऐकलं. कागद मागणाऱ्या पालकाला कागदच दाखवायचा असेल तर २०२२चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा दाखवा, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना पाठ्यपुस्तक नको असं त्यात स्पष्ट आहे.

पण खरी मेख तुमच्याच धाग्यात आहे. साडेअकराला पालक विचारतो, आणि तुमच्याकडे उत्तर तयार नसतं. दाराबाहेर छोटा फळा टांगा. रोज दोनच ओळी. एक, आज काय केलं: 'मणी ओवले, मोठा-लहान-मोठा असा क्रम लावला'. दुसरी, घरी जाताना मुलाला विचारायचा प्रश्न. 'काय शिकलास' असला नको, त्याला मुलं 'काही नाही' म्हणतात. 'मेथीच्या जुडीत काय सापडलं?' असा.

हिशेबी_बाबा:
फळ्याची कल्पना आवडली. आमच्या शाळेत आम्हाला फक्त फीची तारीख कळते.

धागाकर्ती (बारा दिवसांनी):
सगळ्यांचे आभार. फळा टांगला. पहिले तीन दिवस कोणी बघितलंही नाही. चौथ्या दिवशी मेथीच्या जुडीत गोगलगाय निघाली, तो प्रश्न लिहिला, आणि त्या दिवशी एक बाबा दारातच गाडी बंद करून पोराचं ऐकत उभे राहिले.

त्या चिंचोक्यांच्या मुलाच्या आईला एकटीला बोलावलं. आधी हसल्या, मग गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "पण टीचर, वही?" तर शेवटी वही केली आहे. दर शुक्रवारी मुलाने काढलेलं एक चित्र, खाली तारीख, आणि ते चित्र काय आहे हे त्याच्याच शब्दांत माझ्या अक्षरात. त्याच्या पहिल्या पानावर गोगलगाय आहे, म्हणजे एक गोल आणि त्याला सात पाय. पाय का, विचारलं तर म्हणाला, "नाहीतर भिंतीवर कशी चढेल?"

मनगटवाली, जाड रंगीत खडू मिरज-सांगलीत कुठे मिळतील? इथल्या दुकानात सगळे पेन्सिलीएवढे बारीकच आहेत आणि तुकडे केले की भुगा होतो.