पायी निघायच्या आदल्या रात्री तुम्ही कुठे झोपला होतात?

नौपाड्याची आत्या
काल भाचीच्या केळवणाला सोसायटीच्या हॉलमध्ये सतरंज्या टाकल्या. दमट वास आला आणि मी थेट आळंदीत. जून 2011. मी आणि सासूबाई. धर्मशाळा म्हणजे एक लांब खोली, चाळीसेक बायका, दोन बल्ब आणि एक टेबल फॅन. तो कुणाकडे वळवायचा यावरून सासूबाईंचं नांदेडच्या एका आजींशी कडाक्याचं भांडण. घरी कुणाचं उष्टं न चालणाऱ्या माझ्या सासूबाई तासाभरात त्याच आजींच्या ताटातला ठेचा खात बसलेल्या! पहाटे तीनला संडासची रांग, रांगेतच हरिपाठ. संध्याकाळी प्रस्थान झालं, पालखी आजोळघरी गेली. गर्दीत मला फक्त पताका दिसल्या. तुमचं लिहा. चालण्याचं नको, फक्त आदली रात्र.

कोपरीकर
घोरण्याचं राहिलं की! आमच्या खोलीत एक माऊली असे घोरायचे की मला वाटलं दिंडीचा ट्रक चालू झाला. दोनदा उठून पिशवी आवरली.

मेथीची जुडी, नेरूळ
आळंदी नाही, पण चालेल का? 2018, फ्रान्समधलं सेन-जाँ. तिथून स्पेनमधल्या सांतियागोपर्यंत लोक यात्रा म्हणून 780 किमीच्या आसपास चालतात. एक घडीचं कार्ड मिळतं, मुक्कामागणिक त्यावर शिक्का. वसतिगृहात दुमजली पलंग, बूट दाराशी, रात्री दहाला दिवे बंद. वरच्या पलंगावर एक कोरियन आजोबा. रात्रभर प्लास्टिकची पिशवी चुरचुर चुरचुर. सॅक भरायचे, परत उपसायचे. सकाळी पिरेनीज चढायचा होता, पहिल्याच दिवशी 25 किमी. मलाही झोप नव्हतीच. अंधारात आईची गूळपोळी अर्धी मोडून वर दिली. मग पिशवी गप्प.

कोपरीकर
तिकडे शिक्का, आपल्याकडे बुक्का 😄

खारीगाव एक्सप्रेस
ओंकारेश्वर, नर्मदा परिक्रमा. चातुर्मास संपल्यावर निघालो, थंडी मी म्हणत होती. आश्रमात फरशीवर एक घोंगडी. तिथले बाबाजी म्हणाले, झोळी उचलून दाखव. उचलली. म्हणाले, आता अर्धी कर. तीन टीशर्ट, एक जीन्स तिथेच ठेवली. परिक्रमेत नर्मदा उजव्या हाताला ठेवायची, ओलांडायची नाही. ते डोक्यात इतकं बसलं की कूस बदलतानाही नदी कुठल्या हाताला येते बघत होतो. नर्मदे हर!

मेथीची जुडी, नेरूळ
जीन्स??? परिक्रमेला???

खारीगाव एक्सप्रेस
ताई, तेव्हा अक्कल नव्हती.

ऐरोली कोळीवाडा
आमची एकवीरा आईची पालखी, चैत्रात. धर्मशाळा कसली, शाळेचा वर्ग. चार बाकं जोडली की झाला पलंग. मधल्या फटीत मोबाईल पडला, तो काढायला रात्री एक वाजता सगळे उठले ते परत झोपलेच नाहीत. बँजो काढला. फळ्यावर कुणीतरी 'उद्या सुट्टी' लिहून ठेवलं, मास्तरांनी नंतर फोन करून झापलं.

वर्तकनगर
बूट कुठले घेता? यंदा पहिल्यांदाच जायचंय. दिंडीची भिशी, म्हणजे वर्गणी, भरली.

कोपरीकर
नवे घेऊ नका एवढंच. मी नवे घालून गेलो, दिवे घाटात अनवाणी चढलो.

वर्तकनगर
आत्या, सासूबाई येतात का अजून वारीला?

नौपाड्याची आत्या
2019 ला गेल्या हो. त्या नांदेडच्या आजींचा दर आषाढीला फोन येतो. आता त्यांना विसरायला होतं, "तुझी सासू कुठंय" विचारतात. मी सांगते, देवळात गेल्यात.

मेथीची जुडी, नेरूळ
🙏 आत्या…

ऐरोली कोळीवाडा
आजींना आमचा पण नमस्कार सांगा.

वर्तकनगर
आत्या, नौपाड्यात कुठे? माझं माहेर तिथलंच. राम मारुती रोडच्या मागे.

नौपाड्याची आत्या
अगं मग चालतच ये! आदल्या दिवशी भाकऱ्या करून देते. आणि टेबल फॅन असेल तर खुशाल ने, भांडायला बरा पडतो.

खारीगाव एक्सप्रेस
भाकऱ्या फक्त वर्तकनगरला का? कळव्याहून एकच स्टेशन आहे.