ग्राफिक्स कार्ड लावलं की नवा पीसी सुरूच होत नाही, मदत हवी आहे

मंडळी, नवीन पीसी जोडलाय आणि एका जागी अडकलोय. ग्राफिक्स कार्डाशिवाय मशीन व्यवस्थित चालतं. कार्ड लावलं की सुरूच होत नाही.

भाग असे: रायझन ५ ७६००, बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर५ रॅम ३२ जीबी (१६ च्या दोन पट्ट्या), रेडिऑन आरएक्स ७८०० एक्सटी, ८५० वॅटचा पूर्ण मॉड्युलर एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा, सगळ्या केबल सुट्या होणारा). कार्डाला ८ पिनांचे दोन प्लग लागतात, दोन्ही लावले आहेत.

बटण दाबलं की पंखे जेमतेम अर्धा फेरा घेतात, बोर्डावरचे दिवे क्षणभर लागतात, एसएमपीएसमधून बारीक 'टक्' येतं आणि सगळं बंद. पुन्हा बटण दाबलं तर काहीच होत नाही. मागचा स्विच बंद करून अर्धा मिनिट थांबलं तरच परत एकदा तोच अर्धा फेरा.

कार्ड दोनदा काढून बसवलं, खालच्या स्लॉटमध्ये लावून पाहिलं, सीमॉस क्लियर केला (बायोसच्या, म्हणजे बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरच्या, सेटिंग्ज पुसल्या), एकाच रॅमवर चालवून पाहिलं. फरक नाही. कार्ड काढलं की प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर डिस्प्ले येतो, विंडोजही टाकून झालंय. कार्ड गेलंय की एसएमपीएस? परत करायची मुदत संपत आलीय, चुकीची वस्तू परत जायला नको.

प्रतिसाद १

लक्षणं नीट लिहिलीत, त्यामुळे निम्मं काम झालंय. 'सुरू होत नाही' म्हणताना लोक दोन अगदी वेगळ्या गोष्टी सांगत असतात.

एकात पंखे फिरत राहतात पण डिस्प्ले येत नाही. तिथे वीज ठीक असते आणि शोध पुढे घ्यायचा असतो: मॉनिटरची केबल चुकून मदरबोर्डाला लागली आहे का, बोर्डावर व्हीजीएचा (ग्राफिक्सची अडचण दाखवणारा) दिवा पेटून राहतो का, रायझर केबल (कार्ड स्लॉटपासून दूर बसवायची जोडकेबल) जुन्या तिसऱ्या पिढीची आणि कार्ड चौथ्या पिढीचं आहे का (तसं असेल तर बायोसमध्ये स्लॉट 'जेन ३' वर बांधून पाहायचा), कार्ड इतकं जुनं आहे का की त्याच्यात यूईएफआय (नव्या पद्धतीच्या बायोसचा आधार) नाही आणि बोर्डावर सीएसएम (जुन्या पद्धतीला चालवून घेणारी सोय) बंद आहे.

तुमचं दुसऱ्या प्रकारातलं आहे. अर्धा फेरा, टक्, आणि मागचा स्विच पाडल्याशिवाय पुन्हा दाद नाही, म्हणजे एसएमपीएसचं संरक्षण लागून अडकून बसतंय. त्याला कुठेतरी शॉर्ट दिसतोय. बायोस, रॅम, ड्रायव्हर यांचा इथे संबंध नाही, त्यांच्यात वेळ घालवू नका.

आधी एवढंच करा. मागचा स्विच बंद, भिंतीतली पिन काढा, कार्ड स्लॉटमध्ये ठेवा आणि कार्डाच्या दोन्ही पॉवर केबल दोन्ही टोकांनी काढून टाका. मग सुरू करा. कार्डाला वीज नाही म्हणून बोर्ड तक्रार करेल, पण त्याने नुकसान होत नाही. तरीही बंद पडलं तर दोष कार्डात, स्लॉटमध्ये किंवा बसवण्यात. सुरू राहिलं तर केबलच्या वाटेवर, किंवा कार्डाच्या ज्या भागाला केबलमधून वीज जाते तिथे.

प्रतिसाद २

८५० वॅट कमी पडत असतील. १००० चा लावून बघा.

प्रतिसाद १

नाही, हा खर्च करू नका. या कार्डाची कमाल मागणी २६३ वॅट, रायझन ५ ७६०० पूर्ण जोरात ८८ वॅटच्या आसपास, बाकी सगळं धरून ४५० च्या आत. आणि बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणाला कार्ड त्याच्या कमाल मागणीच्या जवळही नसतं. वॅट कमी पडले तर मशीन गेम सुरू झाल्यावर पडतं, अर्ध्या फेऱ्यात नाही.

प्रतिसाद ३

वरच्याशी सहमत, फक्त एक भर. केबल काढूनही बंद पडलं तर कार्डाची बैठक बघा. कॅबिनेटच्या मागच्या पट्टीत कार्डाचा ब्रॅकेट अडकला की स्क्रू आवळताना कार्डाची मागची बाजू खाली जाते आणि टोकाची बाजू स्लॉटमधून मिलिमीटरभर उचलली जाते. खटका लागल्याचा आवाज येतो, तरी संपर्क तिरका राहतो. स्क्रू न लावता, कार्ड हाताने सरळ धरून पाहा की सोनेरी पट्टी सगळीकडे सारखी आत गेली आहे का. मदरबोर्डाखाली जास्तीचा स्टँडऑफ (बोर्ड टेकवायचा छोटा खांब) राहिला असेल तर कार्डाच्या वजनाने बोर्ड त्याच्यावर दबतो, तेही एकदा पाहून घ्या.

धागाकर्ता

करून पाहिलं. दोन्ही केबल काढल्यावर मशीन सुरू राहतं, बोर्डावर व्हीजीएचा दिवा लागतो. मग दर वेळी सगळं बंद करून एक-एक केबल लावली. एकच केबल, काळी: सुरू राहतं, डिस्प्ले नाही. एकच केबल, दुसरी, जाळीवाली: लगेच टक्.

जाळीवाली केबल जुन्या एसएमपीएसची आहे. नव्यासोबतची दुसरी केबल खालून वळवताना आखूड पडत होती म्हणून ती वापरली. कंपनी तीच, प्लग तंतोतंत बसतो, कार्डाच्या बाजूला 'पीसीआयई' (ग्राफिक्स कार्डाची केबल) असंही छापलेलं आहे.

प्रतिसाद १

थांबा, ती केबल पुन्हा लावू नका. दोष बहुतेक तिच्यातच आहे.

कार्डाच्या टोकाच्या ८ पिनांचा क्रम ठरलेला आहे, तो सगळीकडे सारखाच असतो. एसएमपीएसच्या टोकाला मात्र कोणताही सामाईक नियम नाही. कुठल्या भोकात १२ व्होल्ट आणि कुठल्यात ग्राउंड (वीज परत जायची वाट), हे प्रत्येक निर्माता स्वतः ठरवतो, आणि एकाच निर्मात्याच्या दोन मालिकांतही ते बदलू शकतं. प्लगचा आकार जुळला म्हणून तारा जुळत नाहीत. तुमच्या बाबतीत १२ व्होल्ट थेट कार्डाच्या ग्राउंडवर जात असणार, आणि ग्राउंड स्लॉटमधून परत एसएमपीएसला जोडलेलंच आहे. सरळ शॉर्ट. संरक्षणाने वेळेवर काम केलं म्हणून कार्ड वाचलं असण्याची चांगली शक्यता आहे.

अंदाजावर सोडू नका, मोजा. मल्टिमीटर बीपवर ठेवा (दोन टोकं आतून जोडलेली असली की वाजतो). दोन्ही केबल दोन्ही टोकांनी सुट्या करून टेबलावर घ्या. कार्डाकडचा प्लग खटका वर येईल असा धरा: खटक्याच्या ओळीतल्या चारही पिना ग्राउंड असतात, समोरच्या ओळीतल्या तीन १२ व्होल्ट आणि चौथी सेन्स (प्लग लागल्याचं कार्डाला कळवणारी), तीही ग्राउंडलाच जोडलेली. आता त्या तीन १२ व्होल्ट पिना एसएमपीएसच्या टोकाला कुठे बीप देतात ते कागदावर चौकटी काढून लिहा. आधी सोबत आलेली केबल, मग जुनी. दोन चौकटी एकसारख्या नसतील तर प्रश्न मिटला.

मग कार्डही मोजा. कार्ड बाहेर काढून, मल्टिमीटर ओहमवर, एक टोक कार्डाच्या प्लगमधल्या १२ व्होल्ट पिनेला आणि दुसरं धातूच्या ब्रॅकेटला. कपॅसिटर भरत असल्याने आकडा सुरुवातीला कमी दिसून चढत जातो आणि शेकड्यांत किंवा किलोओहममध्ये स्थिरावतो. १ ओहमच्या खालीच अडकला तर कार्डावरचा मॉसफेट (वीज चालू-बंद करणारा भाग) शॉर्ट आहे, ते कार्ड पुन्हा मशीनमध्ये लावू नका.

प्रतिसाद ३

याच्याच जवळचा धोका: प्रोसेसरची ८ पिनांची केबल कार्डात घुसवायचा प्रयत्न कुणी करू नये. दोन्ही प्लग लांबून जुळे दिसतात, पण प्रोसेसरच्या प्लगला खटक्याच्या बाजूला १२ व्होल्ट असतात आणि कार्डाच्या प्लगला त्याच बाजूला ग्राउंड, म्हणजे नेमकं उलट. पिनांच्या कोपऱ्यांचे आकार वेगळे आहेत ते याचसाठी. ओळखायची सोपी खूण: प्रोसेसरचा प्लग ४ अधिक ४ असा फुटतो, कार्डाचा ६ अधिक २. जोर लावावा लागत असेल तर केबल चुकीची आहे.

धागाकर्ता

मोजलं. सोबतच्या केबलमध्ये तिन्ही १२ व्होल्ट एसएमपीएसच्या टोकाला खटक्याच्या ओळीत येतात, जाळीवालीत समोरच्या ओळीत. पूर्ण उलट.

कार्डाचे दोन्ही प्लग तपासले, आकडा चढत जाऊन दोन्हीकडे किलोओहममध्ये थांबतो. आता सोबतचीच दुसरी केबल मधल्या भोकातून आणली, तिथून पुरते. उगाच शंका नको म्हणून सीमॉस पुन्हा क्लियर केला. मशीन बंद पडत नाही! पण २ मिनिटं झाली, पंखे फिरताहेत, पडदा काळा, बोर्डावर रॅमचा दिवा पेटलेला. बंद करू का?

प्रतिसाद १

अजिबात नाही. सीमॉस पुसला की डीडीआर५ चं ट्रेनिंग (बोर्डाने रॅमशी जुळवून घेणं) पहिल्यापासून होतं, आणि या पिढीच्या बोर्डांवर त्याला काही मिनिटं लागू शकतात. मध्येच बंद केलं तर पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून. १० मिनिटं हात लावू नका. मॉनिटरची केबल कार्डात आहे ना तेवढं बघा, विंडोज टाकताना ती बोर्डाला लावली असणार.

धागाकर्ता

केबल बोर्डालाच होती. कार्डात घातली आणि थांबलो, चौथ्या मिनिटाला बायोस आलं. विंडोज सुरू झालं, ड्रायव्हर टाकला, २० मिनिटं पूर्ण लोडवर चालवलं, एकदाही पडलं नाही. कार्ड आणि एसएमपीएस दोन्ही ठेवतोय. जाळीवाली केबल जुन्या एसएमपीएसलाच दोऱ्याने बांधून ठेवली आहे. दोघांचे मनापासून आभार.