उत्तर: काळ्या पॉपीच्या बियांतून गुलाबी फुलं का?

बागप्रेमींशी बियांच्या अदलाबदलीत आलेल्या काळ्या पॉपीच्या बियांतून गुलाबी फुलं आली, तर बहुधा मधमाश्यांनी दुसऱ्या रंगाच्या पॉपीशी संकर केलेला असतो. (तसा 'काळा' रंगही खरं तर गडद जांभळा-मरूनच.) बी वाटायचं असेल तर कळी उमलण्याआधीच तिला मलमलची पिशवी बांधा, म्हणजे मधमाश्या आत जात नाहीत आणि झाड स्वपरागणाने (स्वतःच्याच परागांनी) बी धरतं. पाकळ्या गळल्यावर पिशवी काढा, देठाला दोरा बांधून खूण ठेवा. बोंड तपकिरी होऊन खुळखुळलं, की वरची छिद्रं उघडायच्या बेतात कापा. आठवडाभर सावलीत वाळवून कागदी पाकिटात भरा. प्लॅस्टिकमध्ये ओल राहिली तर बुरशी धरते. पाकिटावर वाण, वर्ष आणि 'पिशवी बांधलेलं' की 'उघडं' हे लिहाच. पेरताना बारीक वाळूत मिसळून वरवर भुरभुरा, मातीने झाकू नका. रोपं उपटून दुसरीकडे लावू नका, सोटमूळ दुखावतं. बहुतेक काळे वाण अफूच्या जातीतले असतात, त्यामुळे बी पाठवण्याआधी पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या, दोन्हीकडचा कायदा बघा.