स्मिथच्या १८१५च्या नकाशातल्या गडद कडा आणि थरांच्या सीमा

कंटूर_रेषा :
विल्यम स्मिथच्या इंग्लंड-वेल्सच्या भूशास्त्रीय नकाशाची प्रतिकृती समोर आहे. प्रत्येक पट्ट्याची एक कडा गडद, मग रंग विरत जातो. हा रंगाऱ्याचा हलगर्जीपणा की मुद्दाम? शिवाय तिकडे सगळी शेतं आणि कुरणं. खडक उघडा नाही तिथे त्याने रेषा ओढली कशाच्या जोरावर? आणि दिसायला सारख्याच दोन चिकणमात्या वेगळ्या कशा काढल्या?

गेरू :
मुद्दामच. गडद कडा म्हणजे त्या थराचा तळ. वर जावं तसा रंग फिका. म्हणजे गडद कडेला टेकलेला शेजारी हा खालचा, जुना. छेद न काढताही क्रम कळतो.

एक सावधगिरी मात्र बाळगा. नकाशा १ इंचाला ५ मैल या प्रमाणाचा, १५ तक्त्यांचा, जोडल्यावर साधारण साडेआठ फूट उंच. रेषा छापील, पण रंग प्रत्येक प्रतीवर हाताने भरलेला, आणि स्मिथ नंतरच्या प्रतींत दुरुस्त्या करत गेला. एकाच प्रतिकृतीवरून त्याचं मत काय होतं हे ठरवू नका.

उतारमापी :
सीमांचं उत्तर त्याच्या धंद्यात आहे. १७९०च्या दशकात तो सॉमरसेट कोल कॅनॉलचा सर्व्हेअर होता. कालव्याच्या दोन फाट्यांसाठी शेजारच्या दोन खोऱ्यांत लेव्हल (जमिनीच्या उंचीची मापं) घेताना तेच थर त्याच क्रमाने आणि पूर्वेकडे कललेले आढळले.

करून बघायचं असेल तर एकाच थराच्या तळाचे तीन बिंदू घ्या : एक खाणीत, एक विहिरीत, एक रस्त्याच्या कापात. ते एका रेषेत नकोत. तिन्हींची उंची मोजली की थराचा कल निघतो. कल ३° असेल तर १ किमीत ५२ मी. फरक पडतो. मग नकाशावर दर ठिकाणी थराच्या तळाची उंची मांडा. ती जमिनीच्या उंचीला जिथे गाठते तिथून सीमा जाते. मधल्या भागात झऱ्यांची रांग कामी येते, कारण चुनखडी चिकणमातीवर बसली की पाणी नेमकं त्या जोडावर फुटतं. नांगरलेल्या मातीचा बदलता रंग आणि उतारात पडलेला खांदा हेही पाहावं.

चूक इथे होते : एकाच उघड्या कड्यावर क्लिनोमीटर (कल मोजायचं साधन) टेकवून कल घेतात. १० मी. जाडीचा थर सपाट जमिनीवर ३° कलला तर पट्टा १९० मी. रुंद, २° ला २८५ मी.च्या पुढे. तेवढ्यावर नकाशा बिघडतो. ३०° च्या थराला अशी एका अंशाची चूक फारशी जाणवतही नाही.

दुसरा सापळा खुद्द सॉमरसेटचा. वरची लाल मार्ल (चुनायुक्त चिकणमाती) आणि लायस (चुनखडी-चिकणमातीचे थर) जवळपास आडवी, खालचे कोळशाचे थर चांगलेच तिरके. वरचा कल तसाच खाली नेला की कोळसा भलत्याच जागी निघतो.

शिंपला :
चिकणमात्या म्हणजे ऑक्सफर्ड क्ले आणि किमरिज क्ले असाव्यात. स्मिथ त्यांना क्लंच क्ले आणि ओकट्री क्ले म्हणत असे. दोन्हींच्या मध्ये कोरल रॅगची चुनखडी असली की प्रश्नच नाही. पण ती काही भागात नाहीशी होते, आणि तिथे जीवाश्मांशिवाय गत्यंतर नाही. ऑक्सफर्ड क्लेत जाड, वळलेल्या कवचाचा ग्रायफिया नावाचा शिंपला. किमरिजमध्ये चपटा, त्रिकोणी ऑयस्टर.

नमुना मात्र थरातच रुतलेला हवा. शेतात पडलेला शिंपला उतारावरून घरंगळत आलेला असू शकतो. वाळू-गोट्यांच्या थरात तर जुन्या थरांतले घासलेले, गोल झालेले जीवाश्म येतात, आणि हा फरक स्मिथलाही माहीत होता.

कंटूर_रेषा :
आभारी. हेच सह्याद्रीत चालेल?

उतारमापी :
कल आणि उंचीचा भाग चालेल, जीवाश्मांचा नाही. बेसॉल्टच्या प्रवाहांत जीवाश्म कुठले? आंतरट्रॅपी थरांत (दोन प्रवाहांच्या मध्ये साचलेल्या गाळात) मिळतात, पण ते तुटक. इथे फेल्डस्पार या खनिजाच्या मोठमोठ्या स्फटिकांचा प्रवाह धरून चालतात, आणि १९८०च्या दशकापासून रासायनिक घटकांवरून गट पाडले जातात. लाल बोलवर (प्रवाहांमधल्या लाल मातकट थरांवर) भिस्त ठेवू नका. एकाच कड्यात ते तीन-चार असू शकतात, दिसायला सारखे, आणि काही अंतरावर विरून जाणारे. पश्चिम घाटात प्रवाह जवळपास आडवेच असल्यामुळे तुमची सीमा बहुतेक कंटूरला (समान उंचीच्या रेषेला) धरूनच जाईल. ती सरळ दरी ओलांडत असेल तर आधी तुमची रेषा तपासा.