मदत हवी आहे: हलकी, साधी, टिकाऊ एआर-१५ रायफल जोडायची आहे, बॅरल (नळी) कोणतं घेऊ?

मंडळी, मी टेक्सासमध्ये राहतो. रेंजवरच्या सरावासाठी एआर-१५ कार्बाइन स्वतः जोडतोय. लोअर रिसीव्हर (कायद्याने बंदूक मानला जाणारा खालचा सांगाडा) परवानाधारक दुकानातून ४४७३ फॉर्म (बंदूक खरेदीचा केंद्रीय अर्ज) भरून रीतसर घेतला आहे. बायकोलाही सहज पेलावी म्हणून दुर्बीण सोडून वजन ६ पौंडांच्या आसपास हवं.

खरा पेच बॅरलचा. लांबी १६ इंच, कारण केंद्रीय कायद्यानुसार साध्या रायफलला तेवढी किमान लागतेच. पेन्सिल प्रोफाइल, म्हणजे बारीक बॅरल, मला मनापासून आवडतं. १९६०च्या दशकातल्या एम-१६ला बारीकच बॅरल होतं, आणि वजन कमी होतं ते नेमकं पुढच्या टोकाचं, त्यामुळे उभ्याने नेम धरताना हात लवकर भरून येत नाहीत. पण सलग गोळ्या झाडल्या की ते लवकर तापतं आणि काही बॅरलांमध्ये गोळी लागण्याची जागा सरकते. ज्यांनी वापरलंय त्यांनी सांगा, सावकाश सरावात हे कितपत जाणवतं? आतून क्रोमचा मुलामा बरा की नायट्राइड (पोलादाचा पृष्ठभाग कठीण करणारी प्रक्रिया)?

गॅस सिस्टिम (बारुदाच्या वायूच्या जोरावर पुढची गोळी भरणारी यंत्रणा) मिड-लेंथ, म्हणजे मध्यम लांबीची घेणार, झटका सौम्य बसतो. बोल्ट (बॅरलचं मागचं तोंड बंद करणारा भाग) कारपेंटर १५८ नावाच्या पोलादाचा. तिथे पैसे वाचवायचे नाहीत. वजनासाठी कोरलेला हलका बोल्ट कॅरिअर (बोल्ट धरून मागेपुढे सरकणारा भाग) मात्र नको, भरवसा आधी.

हँडगार्डचं (बॅरलभोवतीच्या पकडीचं) ठरत नाहीये: साधा प्लास्टिकचा, की ॲल्युमिनियमचा फ्री-फ्लोट (बॅरलला न टेकणारा)? वजनातला फरक प्रत्यक्ष तोलून पाहिलेल्यांनी कृपया आकडे द्या.