कापड चढवलं, दुसऱ्या दिवशी बुडबुडे आणि दुधाळ डाग. सोलून काढू का?

पट्टीवर_पट्टी

नमस्कार मंडळी. सात महिने झाले, सोळा फुटी कॅनू, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, बांधतोय. पहिलीच. सेडरच्या पट्ट्या, ६ मिमी जाड आणि १९ मिमी रुंद, एका कडेला गोलाई, दुसरीला खाच. साचे दर ३० सेंमीवर. पट्ट्या जोडून झाल्या, रंधा मारला. मग लांब लवचीक फळीला ८० नंबरचा कागद चिकटवून तिरपं घासत गेलो. शेवटी डोळे मिटून हात फिरवला तरी कुठे उंचवटा लागत नव्हता. इथपर्यंत सगळं मनासारखं झालं.

रविवारी बाहेरून फायबरग्लासचं कापड चढवलं, चौरस मीटरला २०० ग्रॅमचं. सकाळी आठला मधोमध सुरुवात करून टोकांकडे सरकत गेलो, आधी डावं अंग, मग उजवं. पांढरं कापड इपॉक्सी रेझिन पिऊन डोळ्यांदेखत नाहीसं होतं आणि खालून लाकूड उजळून निघतं. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा क्षणभर हात थांबलाच. साडेअकरापर्यंत पत्र्याची शेड चांगलीच तापली. सोमवारी बघतो तर उजव्या अंगाला टाचणीच्या डोक्याएवढे शेकडो बुडबुडे. नाळेपासून चार फुटांवर, तळ जिथे कुशीकडे वळतो तिथे, तळहाताएवढा दुधाळ डाग. आणि दोन सांध्यांलगत फिकट ठिपके.

घरचे म्हणतात, कुणाला दिसणार आहे? मला दिसतंय ना! हीट गन आहे. सगळं सोलून पुन्हा करू का?

जुना_रंधा

हीट गन आधी कपाटात ठेवा, मग पुढचं वाचा.

माझ्या पहिल्या कयाकला (वरून झाकलेली होडी) हेच झालं होतं आणि मी अख्खा डेक, म्हणजे वरचं झाकण, सोलला. गरम केल्यावर इपॉक्सी मऊ पडतं हे खरं, पण सेडर त्याहून मऊ. कापडाबरोबर लाकडाचे तंतू उपटून आले. ते खड्डे घासून सपाट करता करता ६ मिमीची पट्टी काही जागी ४ मिमीवर आली. तो डेक आजही दाबला की दबतो. तीन आठवडे गेले, आणि मूळ डाग होता जेमतेम दोन बोटांएवढा. त्यानंतर मी चार होड्या बांधल्या, पण वाळलेलं कापड पुन्हा कधी सोललं नाही.

तुमच्याकडे तीन वेगवेगळ्या गोष्टी झाल्यात. त्या वेगवेगळ्याच बघा.

बारीक बुडबुडे म्हणजे लाकडाने सोडलेली हवा. सेडरच्या पोकळ पेशींत हवा भरलेली असते. शेड तापत गेली तशी ती फुगली आणि वर आली, आणि वर तुमचं ओलं रेझिन होतं. सकाळी आठला सुरू करणं हीच चूक झाली. कापड नेहमी उतरत्या तापमानात चढवायचं. दुपारचा कडाका ओसरला की सुरुवात करा. लाकूड गार होत जातं तशी आतली हवा आक्रसते आणि रेझिनला आत ओढून घेते. तेच काम, फक्त घड्याळ उलटं. रेझिन घट्ट करायला त्यात मिसळतो तो हार्डनर मात्र हळू वाळणारा घ्या, नाहीतर गरम हवेत हातातल्या हातात घट्ट होईल.

दुधाळ डागाची परीक्षा करा. फडक्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन डाग ओला करा. ओला असेपर्यंत पारदर्शक झाला तर वरची वीण तहानलेली राहिलीय, पुढच्या हातात ती भरून निघेल. पांढराच राहिला तर कापडाखाली हवा आहे. नखाने टिचकी मारा. चिकटलेल्या जागी टणक आवाज येतो, सुटलेल्या जागी पोकळ, कागदी. पोकळ भाग पेन्सिलने आखा आणि धारदार कटरने फक्त तेवढंच कापड काढा. भोवतीची कड दोन इंच उतरती घासा आणि त्या उतारासकट झाकेल एवढं ठिगळ लावा. वीण भरून, घासून झाली की ठिगळाची कड शोधावी लागेल.

फिकट ठिपके गोंदाचे. सांध्यातून ओघळलेला पांढरा गोंद पुरता खरवडला गेला नाही, म्हणून तिथे लाकडाने रेझिन प्यायलं नाही. ते आता कापडाखाली गेलेत, राहू द्या. आतल्या बाजूला मात्र घासून झाल्यावर ओलसर फडकं फिरवा. लाकूड गडद होतं आणि गोंद जिथे आहे तिथे फिकट राहतो. तिथल्या तिथे खरवडा.

आता एक राहून राहून सांगावंसं वाटतं: रेझिन जास्त वापरू नका. भरपूर ओतलं की चमक येते, पण कापड लाकडावरून वर तरंगतं. मग तुम्ही घासायला जाता आणि कागद कापडालाच लागतो. घासताना चौकटीची पांढरी वीण दिसू लागली की काच कापली जातेय असं समजा आणि हात उचला. पहिल्या हातानंतर पृष्ठभाग चकचकीत नकोच. स्क्वीजी (रेझिन ओढायची लवचीक पट्टी) जरा आडवी धरून जादा रेझिन ओढून काढा. वीण हाताला खरखरीत लागली पाहिजे आणि लाकूड स्वच्छ दिसलं पाहिजे. चमक तिसऱ्या हाताला येते, आणि खरी चमक व्हार्निशला.

शांत_पाणी

जुना_रंधा यांच्याशी बाकी सगळ्यात सहमत, एक भर घालतो. एकट्याने काम करणाऱ्याने कापडाआधी नुसत्या रेझिनचा एक पातळ हात मारून घ्यावा. लाकूड त्याची तहान तेव्हाच भागवून घेतं, मग कापड कोरडं पडण्याची भीती कमी. तो हात वाळला की नीट घासून मगच कापड. न घासता टाकलं तर बारीक काट्यांना अडकून धागे ओढले जातात.

आणि हो, पुढचा हात देण्याआधी हात लावून बघा. पृष्ठभाग मेणचट लागला तर ती अमाइनची साय आहे, इपॉक्सी वाळताना हार्डनरमुळे वर येणारा पातळ थर. साध्या पाण्याने आणि खरखरीत पॅडने धुवा, पुसा, मग घासा. न धुता घासली तर ती आत रगडली जाते आणि वरचा थर पुढे सुटतो.

जुना_रंधा

पहिला पातळ हात मीही करून पाहिलाय. माझ्या मते त्याने वजन वाढतं आणि एक दिवसाचं घासकाम वाढतं. दोघं जण असाल तर गरज नाही. पण एकट्याला घाई होते हे तुमचं म्हणणं खरं, आणि घाईतच कापड सुरकुततं. पट्टीवर_पट्टी यांनी होडीच्या आतल्या बाजूला तसं करायला माझी हरकत नाही.

धूळ_नको

कापडाबद्दल दोघांनी सांगितलंच आहे, मी फुप्फुसाबद्दल सांगते. वेस्टर्न रेड सेडरच्या धुळीत प्लिकॅटिक ॲसिड असतं, त्याने दमा जडू शकतो. मला जडला. दोन वर्षं साधं फडकं बांधून घासत होते. सुरुवातीला फक्त रात्रीचा खोकला यायचा, तो मी हवामानावर ढकलला. आता सेडर बंद, पॉलोनियाच्या पट्ट्या वापरते. त्याही वजनाला हलक्या असतात.

इपॉक्सीचंही तसंच. रेझिन-हार्डनर कातडीला लागत राहिलं की एक दिवस ॲलर्जी येते आणि मग ती जात नाही. हातमोजे प्रत्येक वेळी. आणि पुरतं न वाळलेलं इपॉक्सी घासू नका, ती धूळ सगळ्यात वाईट. तुम्ही सात महिने कशाने घासताय ते लिहिलं नाहीत. नीट बसणारा मास्क नसेल तर आधी तो आणा, डाग नंतर बघू.

पट्टीवर_पट्टी

धूळ_नको ताई, खरं सांगतो, साधाच मास्क होता. तुमचं वाचलं त्याच दिवशी काम थांबवलं आणि फिल्टरवाला आणला. तुम्ही स्वतःचं एवढं उघड सांगितलंत, मनापासून आभार.

आता डागाचं. अल्कोहोलने निम्मा डाग नाहीसा झाला. उरलेल्या भागाला टिचकी मारली तर पोकळ. पेन्सिलने आखलं तेव्हा काडेपेटीएवढाच भरला! तळहाताएवढा वाटत होता. कापला, कड उतरती केली, ठिगळ लावलं. बुडबुड्यांची टोकं १२० नंबरने हलकी उघडली, ब्रशने धूळ काढली आणि संध्याकाळी पाचला दुसरा हात दिला. सकाळी बॅटरीचा झोत आडवा मारून बघितलं. शेकड्यांतले सात-आठ उरलेत.

दोन गोष्टी विचारायच्यात. मोठ्या कपात रेझिन एकत्र केलं तर कप हाताला चटका बसेल इतका तापला, ते कसं टाळू? आणि होडी साचांवरून उतरवताना काय सांभाळू?

जुना_रंधा

एका वेळी २०० ग्रॅमच्या वर मिसळू नका आणि मिसळलं की लगेच पसरट ताटलीत ओता. उंच कपात उष्णता अडकते आणि तीच ते आणखी लवकर वाळवते. वजनाने मोजत असाल तर डब्यावरचं वजनाचंच प्रमाण घ्या. घनफळाचं दोनास एक म्हणजे वजनाचं दोनास एक नव्हे, कारण हार्डनर हलका असतो. आणि लवकर वाळावं म्हणून हार्डनर कधीही वाढवू नका, त्याने ते कायमचं मऊ राहतं.

उतरवताना दोन जण हवेत. एकाच बाजूला कापड असलेली होडी भलतीच लेची असते. कडा बाहेर फाकल्या की तळाच्या सांध्यात आतून चीर जाते. वरच्या कडांना आडव्या तीन काठ्या बांधा, रुंदी साचावरून मोजून. आणि अशी अर्धवट महिनोन्‌महिने ठेवू नका. आतलं उघडं लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि आकार हलतो. आत घासायला सपाट फळी चालणार नाही, गोल धारेचं खरवडणं करून घ्या. टोकांच्या अरुंद घळीत कापड हवेत ताणलेलं राहतं, तिथे चीर देऊन एकावर एक बसवा.

पट्टीवर_पट्टी

काल दोघांनी मिळून उतरवली. काठ्या बांधल्या होत्या, एकही सांधा बोलला नाही. ओल्या फडक्याने आत गोंदाचे एकोणीस ठिपके सापडले, सगळे खरवडले. कापड कापून नळीवर गुंडाळून ठेवलंय, घडी घातलेली नाही. शांत_पाणी म्हणतात तसा पातळ हात शुक्रवारी, कापड रविवारी. दोन्ही वेळी सुरुवात दुपारी चारनंतर.